ब्रिटनची सरकारी पेन्शन: वर्षं, अर्ज आणि पत्ता

लेस्टरच्या इस्पितळातला सर्जन आणि त्याच इस्पितळात रात्रपाळीला फरशी पुसणारा कामगार एकाच दिवशी निवृत्त झाले, तर ब्रिटिश सरकारकडून दोघांना अगदी सारखी पेन्शन मिळू शकते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात तिचा पूर्ण दर आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स होता. वर्षाचे झाले बारा हजार पौंडांना थोडे कमी. लंडनमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्याला एवढ्यावर महिना काढणं कठीणच. सर्जनला नोकरीची वेगळी पेन्शन असते, ती गोष्ट निराळी. पण ज्याला तिकडे 'स्टेट पेन्शन' म्हणतात, ती नव्या पद्धतीत पगाराचा आकडा बघत नाही. ती बघते तीन गोष्टी: तुमच्या नावावर किती वर्षं जमा आहेत, तुम्ही अर्ज केला का, आणि तुम्ही राहता कुठे. मराठी माणसाला सगळ्यात मोठा फटका बसतो तो तिसऱ्या ठिकाणी.

या लेखातले दर, वेगळं सांगितलं नसेल तिथे, २०२५-२६ चे आहेत. ते दर एप्रिलला बदलतात, चौकट तीच राहते.

आधी वर्षं म्हणजे काय ते पाहू. ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्याच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी कापली जाते, मालकही आपला वाटा भरतो. हे पैसे आपल्या पीएफसारखे तुमच्या नावाच्या खात्यात साठत जातात असं पुष्कळांना वाटतं. तसं खातंच नसतं. आज कापलेल्या पैशातून आजच्या म्हाताऱ्यांची पेन्शन दिली जाते. एकत्र कुटुंबात कमावता मुलगा घरखर्चाला पैसे देतो तेव्हा तो वडिलांसाठी वेगळी पेटी भरत नसतो. पुढे आपलीही मुलं असंच करतील एवढंच गृहीत धरलेलं असतं. तसाच हा हिशेब. सरकार तुमच्या नावावर फक्त एक नोंद ठेवतं: या वर्षी पुरेशी वर्गणी भरली, हे वर्ष धरलं. अशी ३५ वर्षं भरली की पूर्ण पेन्शन. कमी असतील तर त्या प्रमाणात कमी. आणि १० वर्षंही होत नसतील तर काहीच नाही.

हा नियम ६ एप्रिल २०१६ पासूनचा. १९५१ च्या ६ एप्रिलला किंवा त्यानंतर जन्मलेले पुरुष आणि १९५३ च्या ६ एप्रिलला किंवा त्यानंतर जन्मलेल्या स्त्रिया यात येतात. त्याआधीचे लोक जुन्या पद्धतीत आहेत. त्यांची मूळ पेन्शन आठवड्याला १७६ पौंड ४५ पेन्स, आणि वर पगाराच्या प्रमाणात मिळणारी जादा रक्कम कुणाला असते, कुणाला नसते. म्हणून ८० वर्षांच्या मामांचा आकडा ६७ वर्षांच्या मावशीच्या आकड्याशी ताडून काही कळत नाही.

उदाहरण घेऊ. एक बाई लग्न होऊन ब्रिटनला गेल्या, काही वर्षं घरी राहिल्या, मग शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली. साठी उलटल्यावर नोंद तपासली तर २२ वर्षं धरलेली. २३०.२५ ला ३५ ने भागा, एका वर्षाची किंमत येते साडेसहा पौंडांहून थोडी जास्त. गुणिले २२, म्हणजे आठवड्याला १४४ पौंड ७३ पेन्स. पुढच्या हिशेबासाठी हा आकडा लक्षात ठेवा.

नोंदीत वर्षं गळण्याची कारणं साधी असतात. वर्षाला ६,५०० पौंडांच्या वर पगार असेल तर ते वर्ष धरलं जातं. १२,५७० पौंडांपर्यंत तर वर्गणी एक पेनीही कापली जात नाही, तरीही वर्ष धरतात. पण ही मर्यादा एकेका नोकरीची आहे. सकाळी एका ऑफिसात साफसफाई आणि संध्याकाळी दुसऱ्या दुकानात काम, दोन्हीकडे पाच-पाच हजार पौंड मिळवणाऱ्या बाईची बेरीज दहा हजार होते, पण तिच्या नावावर वर्ष मात्र लागत नाही. सगळ्यात कमी कमावणाऱ्यांवरच ही कुऱ्हाड पडते, आणि पगाराच्या चिठ्ठीत त्याचा मागमूसही नसतो.

उलट, काम न करताही काही वर्षं फुकट जमा होतात. मूल १२ वर्षांचं होईपर्यंत ज्याच्या नावाने चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, घेतला जातो, त्याच्या नावावर वर्ष चढतं. इथे चांगल्या पगाराची कुटुंबं फसतात. नवरा-बायकोपैकी कुणा एकाचं उत्पन्न ६० हजार पौंडांच्या वर गेलं की तो भत्ता करातून परत जायला लागतो, ८० हजारांना सगळाच जातो. मग लोक म्हणतात, कशाला अर्ज करायचा? अर्ज करायचा, आणि 'पैसे नकोत' अशी खूण करायची. घरी असलेल्या आईच्या नावावर वर्षं चढत राहतात. अर्थात, ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायला बंदी आहे त्यांना कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत हा अर्जही करता येत नाही.

नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठीही अशी सोय आहे. आई नोकरीवर जाते, तिची वर्षं पगारातूनच भरतात, मग चाइल्ड बेनिफिटमधून मिळणारं वर्ष तिला लागत नाही. ते आजीच्या नावावर करून घेता येतं. अट अशी की आजी ब्रिटनमध्ये राहणारी हवी आणि तिचं पेन्शनचं वय झालेलं नसावं. घराघरांतून आज्या नातवंडं सांभाळतात. या अर्जाबद्दल मात्र बोलताना फारसं कुणी ऐकू येत नाही.

राहिलेली भोकं पैसे भरून बुजवता येतात. साधारणपणे मागच्या सहा वर्षांपर्यंत. ऐच्छिक वर्गणीचा दर आठवड्याला १७ पौंड ७५ पेन्स, म्हणजे एका वर्षाचे ९२३ पौंड. त्या बदल्यात पेन्शन वाढते वर्षाला सुमारे ३४२ पौंडांनी, तीही मरेपर्यंत. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. इतका सरळ सौदा विमा एजंटाकडे मिळणार नाही. तरी भरण्याआधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आपला पेन्शनचा अंदाज आणि वर्षांची नोंद बघावी आणि 'फ्यूचर पेन्शन सेंटर'ला फोन करून विचारावं, कारण २०१६ आधीच्या काही वर्षांचे पैसे भरूनही पेन्शनमध्ये काडीचा फरक पडत नाही. नोंद पूर्ण झालेल्यांनी भरले तर ते पाण्यातच गेले.

आता पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांसाठी थोडं. चार-सहा वर्षं ब्रिटनला काढून परतलेल्यांची वर्गणी तिथे गेलेली असते आणि दहा वर्षांची अट आडवी येते. भारतातल्या पीएफची वर्षं त्यात मिळवता येत नाहीत, कारण दोन देशांत तसा करार नाही. भारतात बसून आठवड्याला साडेतीन पौंड या अगदी हलक्या दराने उरलेली वर्षं भरायची एक वाट होती. ६ एप्रिल २०२६ पासून ती बंद. परदेशातून नव्याने वर्गणी भरायला सुरुवात करायची तर आता महागडा दर, आणि आधी ब्रिटनमध्ये दहा वर्षांचं वास्तव्य किंवा वर्गणी असावी लागते. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्याच्या जोडीने जो दुहेरी वर्गणी टाळण्याचा करार ठरला, त्यानुसार कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या माणसाला काही ठरावीक वर्षं तिथली वर्गणी भरावी लागणार नाही. हातात पगार जास्त येईल, पण ती वर्षं ब्रिटिश पेन्शनच्या हिशेबात येणार नाहीत. ज्यांना परत यायचंच आहे त्यांना हे फायद्याचं. तिथे स्थायिक व्हायचा विचार असेल तर तेवढी वर्षं कोरी जातात.

वयाचं थोडक्यात. १९०९ च्या १ जानेवारीला ब्रिटनमध्ये पहिली सरकारी पेन्शन वाटली गेली, ती सत्तरी गाठलेल्या गरिबांना, आठवड्याला पाच शिलिंग. पुढे बराच काळ पुरुषांना ६५ आणि स्त्रियांना ६० असं वय होतं. आता दोघांना ६६, आणि एप्रिल २०२६ पासून मार्च २०२८ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने ६७ होतं आहे. ६ मार्च १९६१ ते ५ एप्रिल १९७७ या काळात जन्मलेल्यांनी ६७ धरून चालावं. स्त्रियांचं वय वाढवताना १९५० च्या दशकात जन्मलेल्यांना वेळेवर नीट कळवलं गेलं नाही, असा ठपका तिथल्या लोकपालांनी मार्च २०२४ मध्ये ठेवला आणि भरपाई सुचवली. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये माफी मागितली, पण भरपाई द्यायला नकार दिला.

वय झालं की पेन्शन आपोआप सुरू होईल या भरवशावर राहू नये. वाढदिवसाच्या आधी सरकारचं पत्र येतं, त्यानंतर अर्ज तुम्ही करायचा. उशीर झाला तर मागचे पैसे जास्तीत जास्त एक वर्षाचे मिळतात. मुद्दाम पुढे ढकलली तर दर नऊ आठवड्यांना एक टक्का या हिशेबाने ती वाढते, वर्षभर थांबलं तर जवळपास ५.८ टक्के. पैसे येतात दर चार आठवड्यांनी, आणि कुठल्या वारी येणार हे तुमच्या नॅशनल इन्शुरन्स नंबरचे शेवटचे दोन अंक ठरवतात: ०० ते १९ सोमवार, २० ते ३९ मंगळवार, असं करत ८० ते ९९ शुक्रवार.

वाढीचा नियम मात्र म्हाताऱ्यांच्या बाजूचा आहे. सरासरी पगारवाढ, महागाई किंवा अडीच टक्के, यातलं जे सर्वांत जास्त तेवढी वाढ दर एप्रिलला. याला 'ट्रिपल लॉक' म्हणतात आणि निवडणूक आली की त्याला हात लावायला कुठल्याच मोठ्या पक्षाची छाती होत नाही. २०२३ ची वाढ १०.१ टक्के होती, २०२५ ची ४.१. एप्रिल २०२६ च्या ४.८ टक्के वाढीनंतर पूर्ण दर आठवड्याला २४१ पौंड ३० पेन्स होतो, म्हणजे वर्षाला सुमारे १२,५४८. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १२,५७० वर अडकवून ठेवलेली आहे. स्टेट पेन्शन करपात्र आहे, म्हणजे तिच्यावर दुसरं कसलंही थोडं उत्पन्न असलं की कर लागलाच. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने थोडं काढून घ्यायचं, ही सरकारांची जुनी खोड.

आता त्या १४४ पौंड ७३ पेन्सवाल्या बाईंकडे येऊ. त्या एकट्या राहतात, दुसरं उत्पन्न नाही, बँकेत सात-आठ हजार पौंड आहेत. त्यांच्यासाठी 'पेन्शन क्रेडिट' आहे. एकट्या माणसाचं उत्पन्न आठवड्याला २२७ पौंड १० पेन्सपर्यंत आणि जोडप्याचं ३४६ पौंड ६० पेन्सपर्यंत सरकार भरून देतं. बाईंना आठवड्याला आणखी ८२ पौंड ३७ पेन्स मिळतील. आणि खरी गंमत त्याच्या पुढे आहे. पेन्शन क्रेडिट मंजूर झालं की बाकीची दारं उघडायला लागतात: कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे तिथल्या घरपट्टीत, सूट, भाड्याला मदत, दात-डोळ्यांचा खर्च, वीजबिलात १५० पौंड, कडाक्याच्या थंडीच्या आठवड्यांना प्रत्येकी २५ पौंड, पंचाहत्तरीनंतर टीव्हीचं लायसन्स फुकट. म्हणून आठवड्याला दोन पौंडच मिळणार असतील तरी अर्ज करावा.

तरीही हक्क असलेले लाखो लोक अर्ज करत नाहीत. कुणाला माहीत नसतं, कुणाला फॉर्मची भीती, आणि आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ते सरकारपुढे हात पसरणं वाटतं. मुलगा-सून काय म्हणतील, हेही आहेच. पेन्शन क्रेडिटला मुलांचं उत्पन्न बघत नाहीत, नवरा-बायकोचंच बघतात, हे एकदा सांगितलं की निम्मा संकोच जातो. दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. एक, १५ मे २०१९ पासून जोडप्यात दोघांचंही पेन्शनचं वय झालेलं असावं लागतं. बायको नवऱ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असेल, आणि आपल्याकडे त्या पिढीत ते सर्रास असायचं, तर तितकी वर्षं थांबावं लागतं. दुसरी, बचत. दहा हजार पौंडांपर्यंत दुर्लक्ष करतात, पुढच्या दर ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न मानतात. यात भारतातली मुदत ठेव येते, कोथरूडचा बंद फ्लॅट येतो, गावच्या जमिनीतला हिस्साही येतो. ते लपवून अर्ज केला आणि पुढे उघड झालं तर पैसे परत द्यावे लागतात, वर फसवणुकीचा आळ येतो तो वेगळाच.

दुसरी हुकणारी मदत म्हणजे 'अटेंडन्स अलाउन्स'. पेन्शनचं वय झालेल्या आणि आजारपणामुळे रोजच्या गोष्टींना हात लागणाऱ्यांना आठवड्याला ७३ पौंड ९० पेन्स, रात्रंदिवस गरज असेल तर ११० पौंड ४० पेन्स. उत्पन्न, बचत, घर, काहीही बघत नाहीत. काळजी घ्यायला कुणी ठेवलेलं असलं पाहिजे असंही नाही. गरज सहा महिन्यांपासून असली म्हणजे झालं. (स्कॉटलंडमध्ये याची जागा दुसऱ्या नावाच्या भत्त्याने घेतली आहे.) फॉर्म लांबलचक असतो. अंथरुणातून उठायला कुणी लागतं का, आंघोळीला किती वेळ लागतो, रात्री किती वेळा उठावं लागतं, अशी खोदून चौकशी असते. आपले आजोबा तिथे लिहितात: जमतं, हळूहळू करतो. झालं, अर्ज फेटाळला. पलंगाची कड धरून उठतात, मोजे बायको घालते, शॉवरमध्ये दोनदा पडले, हे सगळं तसंच्या तसं लिहायला हवं. वाईट दिवशी काय होतं ते लिहा. 'एज यूके' आणि 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' या संस्था हा फॉर्म फुकट भरून देतात, त्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही.

लहानसहान बाकीचं चटकन. हिवाळ्यात घर गरम ठेवायला २०० किंवा ३०० पौंड मिळतात. २०२४ मध्ये सरकारने ते बहुतेकांचे बंद केले, आरडाओरडा झाल्यावर २०२५ मध्ये परत सुरू केले, पण ३५ हजार पौंडांहून जास्त उत्पन्न असलेल्यांकडून ते वसूल होतात. इंग्लंडमध्ये औषधं साठीनंतर फुकट, बसचा पास पेन्शनच्या वयाला. नाताळला काही भत्ते घेणाऱ्यांना दहा पौंडांचा बोनस मिळतो. तो १९७२ पासून दहाच पौंड आहे. आणि जुन्या पद्धतीतल्या पेन्शनरांना ऐंशी पूर्ण झाल्याबद्दल आठवड्याला २५ पेन्स जादा मिळतात. अर्धा कपसुद्धा चहा येणार नाही.

आता पत्ता. निवृत्तीनंतर नाशिकला किंवा मडगावला येऊन राहायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. स्टेट पेन्शन भारतात मिळते, थेट इथल्या खात्यातही घेता येते. पण ती गोठते. ज्या दराने इथे पहिल्यांदा मिळाली, किंवा इथे राहायला आलात तेव्हा जो दर होता, तोच कायम. ट्रिपल लॉकची कुठलीच वाढ लागू होत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात पूर्ण पेन्शन घेऊन नाशिकला आलेल्या माणसाला तेव्हा आठवड्याला १५५ पौंड ६५ पेन्स मिळत होते. आजही तेवढेच मिळतात. तितकीच वर्षं वर्गणी भरून लेस्टरला राहिलेल्या त्याच्या मित्राला २०२५-२६ मध्ये २३० पौंड २५ पेन्स. वर्षाला जवळजवळ ३,९०० पौंडांचा फरक, आणि तो दर एप्रिलला वाढत जातो.

हे फक्त भारताचं नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान, सगळीकडे पेन्शन गोठते. युरोपीय संघातले देश, अमेरिका, फिलिपिन्स, जमैका, मॉरिशस इथे मात्र वाढते. म्हणजे नायगारा धबधब्याच्या अमेरिकी काठावर राहणाऱ्याला वाढ, पलीकडच्या कॅनडाच्या काठावरच्याला नाही. कारण इतकंच की काही देशांशी तसे करार आहेत किंवा कायद्याने बांधिलकी आहे, बाकीच्यांशी नाही. याविरुद्ध कार्सन नावाच्या दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या बाई हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, २००५ मध्ये हरल्या. २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयानेही बहुमताने सरकारचीच बाजू उचलून धरली. वर्गणी घेताना पत्ता न विचारणाऱ्या सरकारने पेन्शन वाढवताना तो विचारावा, हे कायद्यात बसत असेल, न्यायाला धरून आहे असं मला वाटत नाही. भारताबरोबरच्या नव्या करारानेही यात काही बदललेलं नाही.

गोठते ती फक्त स्टेट पेन्शन. एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसारख्या नोकरीची पेन्शन भारतात राहिलात तरी महागाईप्रमाणे वाढतेच, त्यामुळे निवृत्त डॉक्टर-नर्सना एवढी झळ लागत नाही. पेन्शन क्रेडिट, अटेंडन्स अलाउन्स आणि हिवाळ्याचे पैसे मात्र भारतात राहायला आलात की बंदच. दर थंडीत तीन महिने पुण्याला येणाऱ्यांची स्टेट पेन्शन गोठत नाही, कारण घर ब्रिटनमध्येच असतं. पण पेन्शन क्रेडिट घेत असाल तर साधारण चार आठवड्यांपेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही. कळवून न जाता मागाहून परतफेडीची नोटीस आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

इथल्या पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसा ब्रिटनच्या पेन्शनरांनाही परदेशात असताना मागितला जातो. फॉर्म टपालाने येतो, साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवायचा. पत्ता बदलल्याचं कळवलं नाही म्हणून फॉर्म भलतीकडे जातो, उत्तर जात नाही, आणि पेन्शन थांबते. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर घर बदललं तरी कळवा.

गोठलेली पेन्शन सुटूही शकते. तुम्ही ब्रिटनला भेटीला गेलात तर तेवढ्या आठवड्यांपुरता चालू दर मागता येतो, परतलात की पुन्हा जुना आकडा. कायमचे परत राहायला गेलात तर त्या वेळचा पूर्ण चालू दर लागू होतो, पण मधल्या वर्षांची थकबाकी मिळत नाही. आणि पेन्शन क्रेडिटसाठी नव्याने अर्ज करताना आपण खरोखर ब्रिटनमध्येच राहणार आहोत हे दाखवावं लागतं: भाड्याचा करार, डॉक्टरकडची नोंदणी, सामान आणल्याच्या पावत्या. परतीचं तिकीट नसलेलं बरं.